लाइन्समनला शिव्या घालण्याआधी एकदा फ्लॅग हातात घेऊन बघा

काल परत तेच. फुटबॉलची मॅच चालू असताना ग्रुपवर मेसेज, "लाइन्समन आंधळा आहे का रे?" मीही आधी असलंच लिहायचो. मग एकदा मित्रांच्या मॅचला माणूस कमी पडला म्हणून बाजूच्या रेषेवरून ऑफसाइड बघणाऱ्या लाइन्समनचा फ्लॅग माझ्या हातात आला आणि पहिल्या दहा मिनिटांतच घाम फुटला. पास देणारा तिकडे लांब मागे, डिफेंडरची लाइन इकडे समोर, आणि बघायचं दोन्हीकडे एकदमच! बॉलला पाय लागलेला बघितला, मान वळवली, तोवर स्ट्रायकर पुढे. फ्लॅग वर, म्हणजे ऑफसाइड: पास सुटताना स्ट्रायकर शेवटच्या डिफेंडरच्या पुढे, गोलच्या जास्त जवळ होता. सगळे माझ्या अंगावर, लेव्हल होता म्हणे. असेलही, पण मला तो शप्पथ पुढेच दिसला.

नंतर हिशोब करून बघितला. स्ट्रायकर ताशी 30 किमीने पळतोय म्हणजे सेकंदाला 8 मीटरच्या वर, डिफेंडर त्याला ऑफसाइडमध्ये अडकवायला (ट्रॅप) उलटा येतोय, समजा सेकंदाला 4 मीटर. नजर वळायला सेकंदाचा दहावा भाग जरी गेला तरी मीटरभराचा फरक पडला की! त्यात पळणारा माणूस आपल्याला मुळातच जरा पुढे भासतो, मेंदूच तसा आहे.

आणि सगळ्यात भारी भानगड अँगलची. 2000 साली डच संशोधकांनी 'नेचर'मध्ये मांडलं होतं की लाइन्समन बऱ्याचदा शेवटच्या डिफेंडरच्या मीटरभर पुढे, गोलच्या बाजूला उभा असतो. आता बघा, डिफेंडर त्याच्यापासून 20 मीटरवर आणि स्ट्रायकर पलीकडे 30 मीटरवर असेल, तर अर्धा मीटर मागे असलेला स्ट्रायकरही त्याला लेव्हल दिसणार आणि खरोखर लेव्हल असलेला सरळ ऑफसाइड. स्ट्रायकर अलीकडे असला की उलटं, ऑफसाइड असून सुटतो. यात कुठला पक्षपात आणि कुठलं सेटिंग?

सगळ्याच चुका अशा नसतात हेही खरं. 2010 च्या वर्ल्डकपमध्ये अर्जेंटिनाच्या तेवेझचा मेक्सिकोविरुद्धचा गोल ढळढळीत ऑफसाइड होता, स्टेडियमच्या स्क्रीनवर रिप्ले दिसला तरी गोल दिलाच, कारण तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. त्याचा बचाव मी करणार नाही.

पण 2022 च्या वर्ल्डकपला हेच काम मशीनकडून करून घ्यायला छताखाली 12 कॅमेरे लागले, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 पॉइंट सेकंदाला 50 वेळा टिपायचे, वर बॉलमध्ये सेन्सर, तो सेकंदाला 500 वेळा डेटा पाठवणार! आणि पहिल्याच मॅचला, तिसऱ्या मिनिटाला, इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल रद्द झाला तेव्हा आमच्या ग्रुपवर काय आलं? "मशीन पण विकली गेली वाटतं."