मंत्री, कंडक्टर आणि निपाणीचे सर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. एवढी लांब प्रतिक्रिया मोबाईलवर टाइप केलीत त्याबद्दल आधी आभार, आता भांडायला बसू.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की ज्याला एखाद्या खात्याचं मंत्रिपद मिळालं त्यानं पहिली सही करायच्या आधी त्या खात्यातल्या सगळ्यात खालच्या खुर्चीवर, खुर्ची नसेल तर उभं राहून, महिनाभर काम करावं, आणि उदाहरण म्हणून आमच्याकडचा बस कंडक्टर घेतला होता. त्यावर सरांचं (निपाणीचे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले) म्हणणं असं, की हा सगळा स्टंट आहे, मंत्र्यानं धोरण ठरवायचं, खातं चालवायला अधिकारी असतात, आरोग्यमंत्री डॉक्टर असूनसुद्धा चामराजनगरला ऑक्सिजनअभावी माणसं गेलीच, कायद्यातही हे बसत नाही, आणि शेवटी "तुम्ही बेळगाववाले कुठूनही सुरुवात करा, भाषेवरच येणार".

स्टंटचं आधी घेऊ, कारण तिथं आपलं भांडणच नाही. कुमारस्वामी कर्नाटकचे मुख्यमंत्री असताना 2006-07 ला ग्राम वास्तव्य करायचे, खेड्यात कुणाच्या तरी घरी रात्रीचा मुक्काम, मग 2019 ला परत यादगीर जिल्ह्यातल्या चंडरकीपासून तेच सुरू केलं, ह्यावेळी शाळेत. माणूस मनापासून करत असेल, मी नाही म्हणत नाही, खरं पाहुणा तो पाहुणाच, तो यायच्या आधी रस्ता झाडून होतो, त्या रात्री लाइट जात नाही, तहसीलदार जागा असतो. शक्ती योजना (कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट) 11 जून 2023 ला सुरू झाली तेव्हा मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी स्वतःच्या हातानं बायकांना शून्य रुपयाची तिकिटं दिली, फोटो छान आले. त्यांना काय सुट्ट्यासाठी कुणाशी वाद घालायचा नव्हता, आणि उतरल्यावर डेपोत जाऊन हिशेबही द्यायचा नव्हता.

आता खरी बस बघा. सीबीटीवरून, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्टँडवरून, संध्याकाळी सीमेजवळच्या बाचीकडं जाणारी गाडी. हिंडलगा यायच्या आत निम्मी गाडी शून्य तिकिटाची होते. शून्य असलं तरी प्रत्येकीला तिकीट द्यावंच लागतं, कारण त्या तिकिटांच्या हिशेबावरच सरकार महामंडळाला पैसे भरून देणार, म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत आणि मशीन मात्र तेवढीच चालवायची. 'आधार तोरस्री' (आधार दाखवा) म्हणत कंडक्टर गर्दीतनं पुढं सरकतोय. एका सीटवर सासू आणि सून. सासू तुरमुरीची, आधार कर्नाटकचं, झिरो तिकीट. सून चंदगड तालुक्यातली, लग्न होऊन वर्ष झालं खरं आधारवर अजून माहेरचा पत्ता, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजे पूर्ण पैसे. सासू म्हणते, "अहो ती आमचीच सून हाय की." कंडक्टर म्हणतो, "मी सोडतो आई, मधे चेकिंगवाले चढले तर मेमो मला, तुम्ही भरणार काय?" सून सांगते की आमच्याकडच्या लाल परीत निदान अर्धं तरी घेतात (महाराष्ट्रात मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे), मागं उभे असलेले एक आजोबा ओरडतात की सगळे पैसे आम्ही पुरुषांनीच भरायचे काय, आणि तेवढ्यात सुळगा येतं, चार जण उतरतात, त्यातल्या दोघांचं तिकीट फाडायचं राहिलेलंच असतं.

योजना वाईट म्हणत नाही हां मी. बाजाराला, दवाखान्याला, कामाला बायका मोकळेपणानं बाहेर पडायला लागल्यात ते दिसतंय की डोळ्यांना. खरं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात असल्या बायका आमच्याकडं गल्लीगल्लीत आहेत, हे बंगळुरात बसून आदेश टाइप करणाऱ्याच्या डोक्यात आलं नसणार, आणि त्यात त्याचा फार दोषही नाही, मैसूर-मंड्याच्या बसमध्ये हा प्रसंग येतच नाही. आता समजा मंत्री ह्या गाडीत मंत्री म्हणून चढले. तिथल्या तिथं म्हणतील "द्या हो तिला झिरो", गाडीत टाळ्या, पेपरात बातमी, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी कुठली तरी सून परत पैसे भरणार. तेच ते कंडक्टर म्हणून उभे असले तर त्यांना तो अधिकारच नाही. स्वतःच काढलेला आदेश स्वतःला पाळायचा, सासूचं ऐकून घ्यायचं, मेमोची भीती घेऊन पुढच्या सीटकडं सरकायचं. मला जे पाहिजे ते एवढंच आहे. तिकीट कसं फाडतात ते त्यांनी शिकावं असं माझं म्हणणंच नाही, ते आठवड्यात कुणालाही येईल.

चामराजनगरचा मुद्दा तुमचा सगळ्यात भारी होता, त्यावर मी बराच विचार केला. मे 2021, दुसरी लाट, जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजन कमी पडला आणि 24 तासांत 24 रुग्ण गेले, आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री सुधाकर स्वतः एमबीबीएस. खरं आहे. पण तिथं अडलं कशावर ते बघा. कुठलं औषध द्यायचं ह्यावर नाही अडलं. सिलेंडर मैसूरहून भरून यायचे, भरलेले किती शिल्लक, रात्र निघेल काय, गाडी निघाली काय, असल्या प्रश्नांवर अडलं. हे एमबीबीएसला शिकवत नाहीत, हे स्टोअरकीपरला नाहीतर सिलेंडर ढकलत नेणाऱ्या वॉर्डबॉयला माहीत असतं. डॉक्टर म्हणजे त्या इमारतीतला मोठा साहेबच की, तो खालची खुर्ची कशी झाला?

उलट तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो, सुशीलकुमार शिंदे. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग फौजदार, आणि 2012 ला देशाचे गृहमंत्री. खालून आलेला ह्याच्यापेक्षा अस्सल माणूस कुठं मिळणार? म्हणून काय हवालदाराची ड्युटी आठ तासांची झाली? नाही झाली. चाळीस वर्षांपूर्वी सोसलेलं भाषणाला बरं पडतं, तेव्हाचे नियम गेले, तेव्हाचे साहेब गेले, आणि स्वतःच्या कष्टाची आठवण माणसाला गोडच वाटायला लागते. म्हणून पूर्वी तुम्ही काय केलंत हे मी विचारतच नाही. आत्ता, त्याच खात्यात, आजच्या नियमात करा म्हणतोय.

अधिकारी कशाला असतात म्हणालात. जॉर्ज फर्नांडिस आठवतात? आपल्या मंगळूरचे, मुंबईत टॅक्सीवाल्यांचे पुढारी, मग संरक्षणमंत्री. सियाचीनच्या जवानांसाठी बर्फावर चालणाऱ्या स्कूटर घ्यायची फाईल दिल्लीत अधिकाऱ्यांनी अडकवून ठेवली होती, तर ह्या माणसानं त्या अधिकाऱ्यांनाच सियाचीनला पाठवलं, जा, बघून या. स्वतः तिथं परत परत जात होते म्हणून हे सुचलं, नुसत्या फायली वाचून नसतं सुचलं. तेव्हा सर, अधिकाऱ्यांचं नाव काढून तुम्ही माझंच काम सोपं केलंत. मंत्र्यांच्या आधी ते सर्क्युलर ड्राफ्ट करणाऱ्यालाच बाचीच्या गाडीत चढवा, माझी काही हरकत नाही. तुम्ही इतकी वर्षं ऑफिसात काढलीत, वर जाणारा रिपोर्ट खालचाच माणूस लिहितो आणि तो स्वतःच्या अंगावर येईल असं काही लिहीत नाही हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे काय? 'योजना सुरळीत सुरू आहे' हे वाक्य तुम्हीही टाइप केलं असणार कधीतरी.

अंगणवाडीचं तेच. महिला-बालकल्याण खातं लक्ष्मी हेब्बाळकरांकडं, आमच्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदार, म्हणजे खातं अगदी हाकेच्या अंतरावर. 2017 ला मातृपूर्ण योजना आली, त्यांच्या आधीची, गरोदर बाईनं रोज दुपारी अंगणवाडीत येऊन गरम जेवायचं. कागदावर सुंदर. खानापूरच्या जंगलात आमगाव-गवाळीकडं, जिथनं आजारी माणसाला खांद्यावरनं रस्त्यापर्यंत आणायची वेळ येते, तिथं सातव्या महिन्यातली बाई जेवायला चालत येणार आणि जेवून चालत परत जाणार? आता 1 जुलै 2025 पासून केंद्रानं आणखी एक काढलंय, पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायचा आहार द्यायचा नाही. रेंज नसलेल्या गावात सेविकेनं काय करायचं ते दिल्लीतल्या कुणीतरी एक दुपार फोन हातात धरून बघावं.

राहिली भाषा. मूळ लेखात मी तिचा उल्लेखही केला नव्हता, तुम्ही काढलीत म्हणून बोलतो. फेब्रुवारी 2025 ला बेळगावजवळ कन्नड-मराठीवरून कंडक्टरला मारहाण झाली, लगेच चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसच्या ड्रायव्हरला काळं फासलं, दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेवर अडकल्या. ह्यात मार खाल्लेल्या दोघांनी सीमाप्रश्न निर्माण केला नव्हता, ते ड्युटीवर होते. जे दोन्हीकडून माइकवर बोलले त्यांच्यापैकी कुणाला दुसऱ्या दिवशी त्याच रूटवर गाडी घेऊन जायची नव्हती. ह्याच्यात मी मराठी म्हणून काय बोलणार आणि कन्नड म्हणून काय बोलणार, तुम्हीच सांगा.

वेळेचं म्हणाल तर दर डिसेंबरला सगळं विधानमंडळ अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौधला येतंच की. महिना जमत नसेल तर अधिवेशनापुरती पहाटेची शिफ्ट करा, सभागृह भरायच्या आत गाडी एक फेरी मारून परत येते. गनमन पाहिजे तर मागच्या सीटवर बसवा, तिकीट काढून.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 29, कंडक्टरला लायसन्स पाहिजे, इथवर तुमचं बरोबर. त्याच कलमाची दुसरी बाजूही वाचा, एक महिन्यापेक्षा जास्त नाही इतक्या काळासाठी कंडक्टर म्हणून ठेवलेल्या माणसाला ह्यातनं सूट द्यायच्या अटी राज्य सरकार ठरवू शकतं. मी महिनाच म्हटलं होतं. अटी ठरवणारं सरकार त्यांचंच आहे, आणि त्यासाठी त्यांना दिल्लीलाही विचारावं लागत नाही.