'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदी म्हणाली कधी?

भाचीचं लग्न ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी दादाने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. वर गुलाबाचं फूल, खाली जोडलेले हात, मध्ये लाल अक्षरांत 'एका स्त्रीच्या जिभेने घडवलेलं महाभारत'. त्याखाली दादाची स्वतःची पुरवणी: 'नव्या नवरीने जरूर वाचावं.' पाच मिनिटांत भाचीचा मला वेगळा मेसेज, "मावशी, खरंच असं आहे का गं?" हाच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, एका हळदीकुंकवालाही कुणीतरी वाचून दाखवला होता. दोन्ही वेळा मी गप्प बसले. आता नाही बसणार.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी 'आंधळ्याचा मुलगा आंधळाच' म्हणाली, म्हणून द्यूत, म्हणून वस्त्रहरण, म्हणून अठरा अक्षौहिणींचा संहार. त्याआधी स्वयंवरात तिनेच कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवलं. मग कर्णाची टाळ्या घेणारी दोन-तीन वाक्यं, मग जांभळाची गोष्ट, आणि शेवटी आव्हान: 'हे आम्ही नाही, साक्षात व्यास सांगतात. पटत नसेल तर मूळ वाचा.'

वाचलं.

मूळ म्हणजे माझ्यापुरतं पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती. 1919 साली काम सुरू झालं, 1966 साली पुरं झालं. देशभरातली, वेगवेगळ्या लिप्यांतली हजारावर हस्तलिखितं त्यासाठी ताडून पाहिली. पानावर वर संहिता आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांचं रान. जिथे संपादकांना पाठाची पुरती खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. आपल्याला कुठे खात्री नाही हे छापून सांगणारं पुस्तक आहे ते. मेसेजवाल्यांना त्यातली एक रेघ उसनी द्यावीशी वाटते.

सभापर्व, अध्याय 43. स्फटिकाची जमीन समजून दुर्योधन कपड्यांसकट पाण्यात पडतो. हसतात कोण? आधी नोकरचाकर. तेच राजाज्ञेवरून त्याला कोरडी वस्त्रं आणून देतात. मग भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव. संपलं. या प्रसंगात द्रौपदी नाहीच. हसायला नाही, बोलायला तर नाहीच नाही.

आता अर्धं सत्य, तेही नाइलाजाने. द्रौपदी हसली असा एक उल्लेख खरोखर आहे, तीन अध्याय पुढे. पण त्या श्लोकाच्या वर कुठे जाऊन बघावं, तर 'दुर्योधन उवाच'. हस्तिनापुरात परतल्यावर तो बापापुढे बसून सांगतोय: मी पडलो तेव्हा कृष्ण पार्थासह मोठ्याने हसला, आणि 'द्रौपदी च सह स्त्रीभिः', बायकांबरोबर द्रौपदीही. बापाकडून त्याला द्यूताची परवानगी हवी आहे. हाच माणूस आधी शकुनीपाशी मन मोकळं करतो तेव्हा काय म्हणतो? ती श्री पाहून, ती सभा पाहून आणि 'रक्षिभिः', म्हणजे तिथल्या रक्षकांनी केलेल्या थट्टेने मी आगीत जळतोय. तिथे द्रौपदीचं नाव नाही. मामाला एक सांगितलं, बापाला दुसरं. घरोघरी चालतं हे. धाकट्याने काचेचं भांडं फोडलं की आजीला वेगळी हकिगत आणि आईला वेगळी.

आणि कृष्ण? पाण्यात पडण्याच्या प्रसंगाच्या आधीच्या अध्यायाच्या अखेरीला सरळ लिहिलंय, 'गते द्वारवतीं कृष्णे'. कृष्ण द्वारकेला निघून गेला, मागे सभेत राहिले ते दुर्योधन आणि शकुनी. म्हणजे बापापुढच्या हकिगतीत दुर्योधनाने जो इसम मोठ्याने हसवलाय, तो कथेच्या ओघात तिथे नव्हताच. मग त्याच्याच पुढच्या ओळीतलं द्रौपदीचं हसू कितपत धरायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं. व्यासांनी दुर्योधनाला बोलू दिलंय, त्याच्या बोलण्यावर सही केलेली नाही. मेसेजवाल्यांनी मधलं 'उवाच' तेवढं उडवलं आणि आरोपीची कैफियत न्यायाधीशाचा निकाल म्हणून वाटत सुटले.

आंधळेपणाचं वाक्य तर दुर्योधनाच्याही तोंडी नाही. नीलकंठी प्रतीत, म्हणजे नीलकंठाच्या टीकेसह चालत आलेल्या रूढ प्रतीत, भीम हसत हसत त्याला 'धृतराष्ट्रपुत्रा, दार इकडे आहे' म्हणतो, तेही दुर्योधनच सांगतो. त्यात टोमणा ऐकायचाच तर ऐका, पण तो भीमाचा. द्रौपदीच्या तोंडचं वाक्य घराघरांत पोचवलं दूरदर्शनने. 1988 ते 1990 रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, आमच्याकडेही टीव्हीसमोर सतरंजी अंथरलेली असायची. पटकथाकाराला नाट्य हवं होतं, त्याचं त्याच्यापाशी. दादाने 'साक्षात व्यास' म्हणू नये.

मला संताप वाक्याचा नाही, त्या 'म्हणून'चा आहे. ती बोलली म्हणून वस्त्रहरण. म्हणजे आधी बाईने काहीतरी केलेलं असलंच पाहिजे. बरं, द्यूतानंतर ती खरोखर काय बोलली ते मेसेजमध्ये आहे का? तिला सभेत न्यायला आलेल्या प्रातिकामीला, म्हणजे दुर्योधनाच्या दूताला, ती परत पाठवते: जा, युधिष्ठिराला विचारून ये, आधी स्वतःला हरलास की मला? कायद्याचा मुद्दा आहे हा, आणि त्या सभेत भीष्मांनाही तो सुटला नाही; धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढं म्हणून ते थांबले. नव्या नवरीला द्रौपदीची जीभच दाखवायची असेल तर ही दाखवा की.

स्वयंवराचं. इथे मेसेजवाल्यांच्या हाती थोडं काही आहे. 'नाहं वरयामि सूतम्', मी सूताला वरणार नाही, हे वाक्य नीलकंठी प्रतीत आहे, आणि शेकडो वर्षं आपल्याकडे तीच वाचली गेली. दादाने ते कीर्तनात ऐकलं असेल तर कीर्तनकार खोटं बोलले नाहीत. चिकित्सक आवृत्तीने मात्र ते संहितेतून काढून खाली टिपांत ठेवलंय, कारण ते काही हस्तलिखितांतच सापडतं, सगळ्या परंपरांत नाही. वरच्या संहितेत उलट जमलेले ब्राह्मण आपसांत कुजबुजतात: कर्ण-शल्यांसारख्यांना जे धनुष्य वाकलं नाही, ते या पोराला काय वाकणार? ब्राह्मणांच्या पोशाखातल्या अर्जुनाबद्दलची ही प्रेक्षकांतली कुजबुज. तीही कुणाच्या तरी तोंडचीच.

कर्णाची वाक्यं 'मृत्युंजय'च्या वळणाची आहेत, एवढंच म्हणते. 1967 सालच्या त्या कादंबरीत शिवाजी सावंतांनी कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण अशा सहा जणांना आपापल्या तोंडाने बोलायला लावलं. तिथला कर्ण 'मी' म्हणतो, म्हणून आपण त्याच्या कातडीत शिरतो आणि त्याच्या बाजूचे होतो. सोळाव्या वर्षी मीही रडले होते. पण ते कादंबरीकाराचं कसब. पुरावा म्हणून ते फिरवायचं नसतं.

जांभळाची गोष्ट लोककथेतली. फार गोड आहे, आणि तिच्यातली द्रौपदी मेसेजमधल्या द्रौपदीच्या अगदी उलट आहे. तिला कर्ण आवडतो. एकाच मेसेजमध्ये दोन्ही कशा चालतात, ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

राहिलं 'साक्षात व्यास'. अहो, महाभारत सांगतो सौती नावाचा कथेकरी, नैमिषारण्यातल्या ऋषींना. तो सांगतो ते त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाकडून ऐकलेलं. युद्ध तर संजय सांगतो, तेही ज्याची मुलं मरताहेत त्या धृतराष्ट्राला. तो रणांगणावरून येतो आणि पहिल्यांदा सांगतो, भीष्म पडले. मग मागे जाऊन सगळं पहिल्यापासून. गीता त्यानंतर येते. म्हणजे 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्याला भीष्म पडल्याचं आधीच कळलेलं आहे. हे लक्षात ठेवून तो पहिला श्लोक पुन्हा म्हणून बघा, आवाज बदलतो.

हे सगळं एवढ्या तपशिलात नाही, पण ग्रुपवर टाकलं. भाचीने अंगठा दिला. रात्री साडेदहाला दादाचं उत्तर आलं: "ठीक आहे, बोलली नसेल. पण हसली तर होतीच ना?"

मी लिहिलं, "हो दादा. कृष्ण द्वारकेहून हसला, तशीच."