समुपदेशनाचं काम आम्हा शिक्षकांवर टाकू नका, पण शाळेत आणाच

एकवीस वर्षं झाली मला शिकवायला लागून. नागपुरातलीच मराठी माध्यमाची शाळा, आठवी-नववीचं मराठी. गेल्या वर्षीच्या एका मुलीबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

प्रकट वाचनाचा तास सुरू झाला की ती विचारायची, "मॅडम, पाणी पिऊन येऊ?" आधी माझं लक्ष गेलं नाही. मग कळलं, तिच्या पुढच्या दोन मुलींचं वाचून होत आलं की नेमका तेव्हाच हात वर व्हायचा. तोवर कंपासपेटीचं झाकण उघड, बंद, उघड, बंद. तळहात इतके घामेजायचे की वहीच्या पानावर शाई फुटायची.

आई भेटायला आली. "रोज सकाळी पोट दुखून राहिलं म्हणते जी. सोनोग्राफी केली, काहीच नाही निघालं. तिचे बाबा म्हणतात, नाटकं करते."

मला तिची कीव आली आणि मी तिला वाचायला सांगणंच बंद केलं. तिचा नंबर आला की पुढच्या मुलीला उठवायचे. मला वाटलं, लेकराला तेवढाच आराम. दोन महिन्यांत तिला प्रार्थनेच्या रांगेची भीती वाटू लागली, मग विज्ञानाच्या तोंडी परीक्षेची, आणि दिवाळीनंतर तर सोमवारी ती शाळेतच येईना.

चिंतेचं असंच असतं, हे मला फार उशिरा समजलं. घाबरवणारी गोष्ट टळली की त्या घटकेला बरं वाटतं, आणि मनात पक्कं बसतं की टाळलं म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. मी तिला आराम देत नव्हते, टाळायला शिकवत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या वर्षी आमच्याकडे एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची एक विद्यार्थिनी फील्डवर्कला यायची, आठवड्यातून दोन दिवस. तिच्या प्राध्यापिकांनी तिला हे काम नीट शिकवलं होतं. तिने त्या मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक शिडी काढली. सगळ्यात खालच्या पायरीवर, वाचनालयात फक्त ताईसमोर दोन ओळी वाचायच्या. मग एका मैत्रिणीसमोर. मग चौघींसमोर. मग वर्गात, पण बसून. शेवटी उभं राहून. प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी गुण द्यायचे, आधी आणि नंतर, आणि धडधड उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. पहिल्या दिवशीचे आकडे मी पाहिले आहेत: आधी ८, नंतर ४. त्याखाली तिनेच पेन्सिलीने लिहिलं होतं, "पोट दुखलं नाही." माझ्याकडे एकच काम होतं, तिला पाणी प्यायला सोडायचं नाही.

जानेवारीच्या शेवटी ती उभी राहिली आणि सात ओळी वाचल्या. आवाज कापत होता. वर्गातल्या कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त आवडलं.

यात नवं काहीच नाही. ऑस्ट्रेलियात मानसशास्त्रज्ञ पॉला बॅरेट यांनी 'फ्रेंड्स' नावाचा साधारण दहा सत्रांचा कार्यक्रम तयार केला, त्यात हीच पायऱ्यांची रीत मुलांना शिकवतात. प्रश्न हा आहे की आपल्या शाळांत हे करणार कोण. "शिक्षकांनाच ट्रेनिंग द्या" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांमध्ये 'सेहर' नावाचा मोठा प्रयोग झाला. निकाल २०१८ साली आले. तो चिंतेपुरता नव्हता, शाळेतलं वातावरण, उदासी, दादागिरी असं सगळं त्यात होतं. काही शाळांत काम शिक्षकांकडे दिलं, काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित माणसाकडे. नेमलेल्या माणसाच्या शाळांत फरक दिसला. शिक्षकांच्या शाळांत दिसला नाही. ब्रिटनमध्ये तर आठ हजारांहून जास्त मुलांवर प्रयोग झाला, त्यातल्या साधारण निम्म्यांना शिक्षकांकरवी सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले; २०२२ साली निष्कर्ष आला की नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा झाला नाही.

मला यात नवल वाटत नाही. माझ्या वर्गात ५८ मुलं. ऑनलाइन माहिती भरा, निवडणुकीची ड्युटी करा, पेपर तपासा. आणि वेळ मिळाला तरी लाल पेन माझ्याच हातात आहे. जिच्यासमोर चुकायची भीती, तिलाच जाऊन ती भीती कशी सांगावी?

वर्षातून एकदा सभागृहात तीनशे मुलं बसवून 'तणावमुक्त परीक्षा' असं व्याख्यान ठेवतात, त्याने तर काहीच होत नाही. ती मुलगी त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, मी पाहिलंय.

बाहेर डॉक्टरला दाखवा म्हणावं, तर आपल्याकडे प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. "ते काही पागल आहे का जी?" हे मी किती आयांकडून ऐकलंय! म्हणूनच हे शाळेत हवं, वाचनालयाशेजारच्या खोलीत, मधल्या सुट्टीत सहज डोकावता येईल असं. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्येच सांगितलंय. पूर्णवेळ पद मिळेस्तोवर दोन-तीन शाळांनी मिळून एक माणूस ठेवावा. नागपुरात समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत, मुलंमुली शिकून बाहेर पडताहेत. त्यांना फुकट राबवू नका, पगार द्या.

ताईचं फील्डवर्क मार्चमध्ये संपलं. तिच्या जागी कुणी आलं नाही. जूनअखेर आमच्याकडे शाळा उघडली, नवी आठवी आली. दुसऱ्याच आठवड्यात वाचनाच्या तासाला शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, पाणी पिऊन येऊ?"

मी त्याला थांबवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं.