‘एकच सायकल’ असं काही नसतं

बेंच प्रेस महिनोन्‌महिने १०० किलोवर अडकली, की जिममध्ये कुणीतरी हळूच विचारतंच, "दादा, एखादी सायकल मारायची का?" सायकल म्हणजे स्नायू वाढवायला ठरावीक आठवडे स्टेरॉइड घेणं. मलाही विचारलं. विचारणारा माझाच ट्रेनर, पंचवीस-सव्वीसचा पोरगा, मनाने चांगला. हिशोब त्याने तिथेच मांडला. बारा आठवडे टेस्टो (टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, हेच ते स्टेरॉइड), आठवड्याला अडीचशे मिलिग्रॅमच्या दोन सुया, शेवटी पीसीटी (शरीराचं स्वतःचं उत्पादन परत सुरू करायच्या गोळ्या), विषय संपला. "एकच मारा, मग बंद करा."

मी लगेच नाही म्हटलं नाही. बरंच वाचलं, एका डॉक्टर मित्राला भरपूर पिडलं, आणि मग नको म्हणायचं ठरवलं. का, ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे या विषयावर एक तर कुजबुज चालते, नाही तर नुसती भीती घातली जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्टेरॉइडने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. "त्याने नुसतं पाणी भरतं" हे खरं नाही. १९९६ साली अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना औषध नसलेली सुई. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचं चरबी वगळून वजन साधारण दोन किलो वाढलं. औषध घेऊन व्यायाम अजिबात न करणाऱ्यांचं तीन किलोच्या वर. दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलो. घाम गाळणाऱ्यापेक्षा नुसती सुई घेणारा पुढे गेला, हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. पण हे लपवून उपयोग नाही. मोठी माणसं पोरांना सांगतात की त्याने काही होत नाही, आणि पोरं दोन महिन्यांत मित्राचे खांदे डोळ्यांनी बघतात. मग मोठ्यांनी सांगितलेले धोकेही त्यांना खोटेच वाटतात.

आता दुसरी बाजू. पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण सहा-सात मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, म्हणजे आठवड्याला पन्नासच्या आत. बाहेरून पाचशे आलं, की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना जाणारे संदेश थांबवते. स्वतःचं उत्पादन बंद पडतं, वृषणं लहान होतात, शुक्राणू घटतात. हे इतकं खात्रीने होतं, की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. डोस होता आठवड्याला २०० मिलिग्रॅम, आणि त्यावर निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले. बंद केल्यावर ते परत आले, पण त्यालाही महिने लागले. आमचं घरी दुसऱ्या बाळाचं चाललंय. जिमच्या सायकलचा डोस त्याच्या अडीच पट, हे कळल्यावर माझा अर्धा निर्णय तिथेच झाला.

उरलेला अर्धा निर्णय बारा आठवड्यांनंतर काय होतं, या प्रश्नावर झाला. ट्रेनरच्या हिशोबात तेरावा आठवडा नव्हताच. सुई थांबते, स्वतःचं उत्पादन अजून सुरू झालेलं नसतं, आणि कमावलेलं सगळं मांस सांभाळायला रक्तात पुरेसं टेस्टोस्टेरॉन नसतं. पीसीटी म्हणून ज्या गोळ्या देतात त्यात मुख्यतः क्लोमिफीन, जे स्त्रियांच्या वंध्यत्वावर देतात, आणि टॅमॉक्सिफेन, जे स्तनाच्या कॅन्सरवर देतात. त्यांनी सगळं जागेवर येईलच याची हमी नाही. वजनं खाली येतात, टी-शर्ट सैल होतो, झोप बिघडते, इच्छा मरते, उगाच उदास वाटतं. दुसरी सायकल मारायची का, हा प्रश्न माणसाला नेमका या अवस्थेत पडतो. पहिली आपण उत्साहात ठरवतो, दुसरी त्या खड्ड्यातून. म्हणून मला ‘एकच’ या शब्दावर विश्वास नाही. पुढे जाऊन कित्येक जण मधल्या काळातही कमी डोस चालूच ठेवतात. त्याला ‘क्रूझ’ म्हणतात.

ही सवय वर्षं चालली की हिशोब हृदयाकडे जातो. २०१७ साली अमेरिकेतच वेटलिफ्टिंग करणाऱ्या १४० पुरुषांचा अभ्यास आला. त्यातल्या ८६ जणांनी एकूण किमान दोन वर्षं स्टेरॉइड घेतलेली होती. त्यांच्या हृदयाची रक्त पंप करण्याची क्षमता सरासरी ५२ टक्के, न घेणाऱ्यांची ६३. शिवाय चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, रक्त घट्ट होतं, आणि तोंडावाटे घेण्याच्या बऱ्याच गोळ्या लिव्हरवर ताण आणतात. यातलं काहीही आरशात दिसत नाही. आरशात माणूस झकासच दिसतो.

आणि बाटलीत नक्की काय आहे, हे सांगणार कोण? जिमच्या लॉकरमधून येणाऱ्या ‘सामाना’चं ना बिल, ना प्रिस्क्रिप्शन. आपल्या राज्यात तर मेफेंटरमाइनची इंजेक्शनंही जिमच्या पोरांना विकली जातात. ते मुळात भूल देताना पडलेलं बीपी वर आणण्याचं औषध आहे, त्याने मसल बनत नाहीत.

स्पर्धेत उतरणाऱ्याचं गणित वेगळं असू शकतं. त्याच्यासमोर किताब असतो, कधी नोकरी असते. मला ते पटत नाही, पण त्याची ओढ समजते. मी सकाळी सहाला जाऊन नऊला ऑफिस गाठणारा माणूस. माझी बेंच १०० ची १२० झाल्याने माझ्याशिवाय कुणालाही फरक पडणार नाही. चांगलं दिसावंसं वाटणं यात गैर काही नाही, मलाही वाटतं. फक्त त्यासाठी एवढी किंमत मोजायची माझी तयारी नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या अठरा-एकोणीसच्या पोरांना हे देणाऱ्यांचा मात्र मला संताप येतो. या वयात काहींची हाडं अजून वाढत असतात आणि स्टेरॉइडने ती वाढ लवकर थांबू शकते. ज्या पोराने अजून दोन वर्षं सलग नीट जेवून व्यायाम केलेला नाही, त्याला सुई दाखवणारा ट्रेनर आपलं काम करत नाही.

ज्यांचं टेस्टोस्टेरॉन आजारामुळे खरंच कमी आहे, त्यांना डॉक्टर हेच औषध देतात. तो उपचार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि कुणी आधीच सुरू केलं असेल, तर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), लिपिड (कोलेस्टेरॉल), लिव्हर, टेस्टोस्टेरॉन आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. मूल हवं असेल तर वीर्यतपासणीही करा. बंद केल्यावर फार उदास वाटू लागलं तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जा आणि काय घेतलं, किती घेतलं, ते खरं सांगा. रिपोर्ट कसा वाचायचा कळत नसेल तर मला इनबॉक्स करा, मित्राला विचारून सांगतो.