अम्मन्नूर माधव चाक्यार ‘शेवटचे’ नव्हते

केरळच्या कूडियाट्टमवरचा एक फॉरवर्ड सारखा येतोय, आमच्या तीन ग्रुपवर तरी आलाच. त्यात साधारण असं आहे की अम्मन्नूर माधव चाक्यार हे या संस्कृत देवळी नाटकाचे शेवटचे गुरू, ही कला दोन हजार वर्षं जशीच्या तशी, यात शब्द नाहीत फक्त डोळे, सामान्यांना काही कळत नव्हतं, बायकांना मनाई, देवळात कोंडून मरत होती ती युनेस्कोनं वाचवली, आणि २००८ मध्ये गुरुजी गेले तशी तीही गेली. फोटो सुंदर लावलाय, लोक हात जोडतायत. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि ज्या माणसाचा आदर करायचा म्हणून हे पाठवलं जातंय त्याच्याच आयुष्यभराच्या कामावर ती बोळा फिरवते, म्हणून लिहितोय.

आधी बायकांचं. आपल्याकडं संगीत नाटकात बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, त्यामुळं जुनं नाटक म्हणजे पुरुषच असणार हे आपण धरूनच चालतो बहुतेक. कूडियाट्टममध्ये स्त्रीपात्रं नंग्यार बायका करतात, परंपरेनंच. चाक्यार समाजातले पुरुष पुरुषपात्रं करतात, नंबियार समाजातले मिळावु वाजवतात (तांब्याच्या मोठ्या घड्यासारखं वाद्य), आणि नंग्यार, म्हणजे नंबियार घरातल्या बायका, रंगमंचावर बसून झांजेचा ताल धरतात, अभिनयही करतात. एकट्या बाईनं करायचं नंग्यारकूत्तु हे तर वेगळंच दालन आहे, ‘सुभद्राधनंजय’ नाटकातल्या दासीच्या प्रसंगातून वाढलेलं. आणि ते पुन्हा उभं करण्यात स्वतः माधव चाक्यारांचा मोठा वाटा होता, उषा नंग्यार त्यांच्याच हाताखाली शिकल्या.

‘शब्द नाहीत’ हे वाचून तर मला खरंच वाईट वाटलं. नेत्राभिनय अफाट आहेच, माणी माधव चाक्यार (हे अम्मन्नूर नव्हेत, दुसरे गुरू) यांचे डोळे त्यासाठीच गाजले. पण संस्कृत श्लोक ठरलेल्या स्वरांत म्हणायची यांची वेगळी पद्धत आहे, कुठल्या पात्राला, कुठल्या भावाला कुठला स्वर हे बांधलेलं असतं. विदूषक तर चक्क मल्याळममध्ये बोलतो, श्लोकाचा अर्थ सोडवून सांगतो, वर्तमानावर टोले हाणतो, आपल्या कीर्तनकाराची आठवण यावी असा. मग ‘सामान्यांना काही कळत नव्हतं’ असं कुणी कसं म्हणावं?

आता अम्मन्नूरांचा वालीवधातला वाली घ्या. भासाच्या ‘अभिषेक’ नाटकाचा पहिला अंक. रामाचा बाण लागतो, वाली कोसळतो, आणि मग मरण हळूहळू येतं. घाईघाईनं मान टाकणं नाही, श्वास अडकतो, सुटतो, परत ओढला जातो, मधेच डोळ्यांत ओळख येते आणि जाते, मागं मिळावु त्याच श्वासाला धरून चाललेला. त्या शेवटच्या क्षणांत वालीला गंगेसारख्या नद्या आणि उर्वशीसारख्या अप्सरा आपल्याकडं येताना दिसतात, हे भासानं त्याच्या तोंडी घातलेलं आहे, म्हणजे शब्द आहेतच. या श्वासाचं शिक्षण त्यांनी कोडुंगल्लूरला भागवतर कुंजुण्णि तंपुरान यांच्याकडं घेतलं होतं, घरच्या गुरूंकडं घेतलं ते वेगळंच. व्हिडिओ असतात, बघा, एकदा बघून झालं की ‘फक्त डोळे’ म्हणवणार नाही.

दोन हजार वर्षं जशीच्या तशी? नाटकं जुनी आहेत, भासाची वगैरे, पण नाटक जुनं म्हणजे सादर करायची रीत तेवढीच जुनी असं होत नाही. आजच्या स्वरूपाला आकार देण्याचं श्रेय परंपरा कुलशेखर वर्मा या राजाला देते, आणि तो भासाच्या कितीतरी शतकं नंतरचा. पुढं एकेक अंक कित्येक रात्री चालेल इतका विस्तार झाला, आणि विसाव्या शतकात बाहेरच्या प्रेक्षकांसाठी तो परत काही तासांत बसवला गेला. माणी माधव चाक्यारांनी तर शाकुंतल कूडियाट्टमच्या पद्धतीनं नव्यानं बसवलं. हे बदल लपवून काय मिळतं?

युनेस्कोनं मान्यता दिली ते वर्ष २००१. त्याच्या खूप आधी, १९४९ मध्ये पैंकुळम राम चाक्यारांनी देवळाबाहेर कूत्तु (चाक्यारानं एकट्यानं करायचं कथाकथन) केलं, १९५५ मध्ये माणी माधव चाक्यारांनी आपल्या गावात देवळाबाहेर कूडियाट्टम केलं, १९६२ मध्ये मद्रासला. त्या काळी ही किती मोठी उडी होती, समाजातल्याच लोकांचा विरोध सोसून. १९६५ मध्ये केरळ कलामंडलम या कला शिकवणाऱ्या संस्थेत कूडियाट्टमचा विभाग सुरू झाला, पैंकुळम तिथं शिकवू लागले आणि चाक्यार नसलेली मुलंही घेतली. १९८० मध्ये तर पोलंड, फ्रान्सला प्रयोग झाले. मान्यतेचा उपयोग झाला, नाकारत नाही, पण वाचवणारे हे गुरू होते.

फॉरवर्डमधलं एक खरं आहे. कूत्तंबलम, म्हणजे प्रयोगाचं नाट्यगृह, देवळाच्या आवारात, त्यामुळं ज्यांना देवळात बंदी त्यांना नाटकालाही बंदी होती, आणि बऱ्याच देवळांत प्रयोगाचा हक्क अजून ठराविक घराण्यांकडंच आहे. यावर बोलायलाच हवं. पण कला अडचणीत आली ती फक्त कोंडल्यामुळं नाही. देवळांच्या जमिनीच्या उत्पन्नावर चाक्यार कुटुंबं जगायची, जमीनसुधारणेनंतर ते आटलं. कुळांच्या बाजूनं ते न्याय्यच होतं, पण कलाकाराच्या घरातला तांदूळ गेला हेही तितकंच खरं.

आणि ‘संपली’. माधव चाक्यार १९१७ चे, १ जुलै २००८ ला गेले. पण इरिंजालकुडात त्यांचे गुरू चाच्चु चाक्यार यांच्या नावानं १९८२ मध्ये गुरुकुल उभं राहिलं, तिथं ते वर्षानुवर्षं शिकवत राहिले, कपिला वेणू तिथल्याच, आज त्या स्वतः शिकवतात. तिरुवनंतपुरमला मार्गी ही संस्था आहे, संगीत नाटक अकादमीचं कूडियाट्टम केंद्र आहे, कलामंडलम चालू आहे. तुमच्या शहरात कधी प्रयोग लागला तर तिकीट काढून जा.