धावपट्टी बंद, हाल आमचे

नागपूरच्या विमानतळाला धावपट्टी एकच, ३,२०० मीटरची. तिचं डांबरीकरण निघालं की दिवसाची विमानं बंद आणि सगळी गर्दी पहाटे नाहीतर रात्री. काम करूच नका, असं कोण म्हणतंय? टायरचं रबर घासून पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पावसात विमान घसरायची भीती असते. जुना थर खरवडून नवा टाकावाच लागतो. रोजचं काम थांबवताना नव्या-जुन्या थराच्या जोडावर हलका उतारही करून ठेवावा लागतो, कारण काही तासांनी त्याच पट्टीवर विमान उतरणार असतं. हे सगळं मान्य आहे बाप्पा!

डोकं फिरतं ते तारखांवरून. मुंबईत पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात, पण एकेका दिवसापुरत्या आणि बरंच आधी सांगून. इथे काम लांबलं की प्रवाशाला शेवटच्या घटकेला मेसेज येतो: वेळ बदलली. माझ्या काकूंना मुंबईच्या डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली होती. गुडघे धरलेल्या बाईला रात्री दोनला उठवून सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, न्यावं लागलं, आणि तिथे व्हीलचेअरसाठीही रांग. एवढ्या अपरात्री ऑटोवाला म्हणेल ते भाडं. काऊंटरवर विचारलं तर, "आमच्या हातात नाही." मग कोणाच्या हातात आहे? नवी तारीख ठरते तेव्हाच ती प्रवाशांना का सांगत नाहीत?