जामीनदाराला पहिला हप्ता थकताच कळले पाहिजे

माझ्या वडिलांनी आयुष्यात स्वतःसाठी एकदाही कर्ज काढले नाही. तरीही निवृत्तीच्या आधीची जवळजवळ अडीच वर्षे त्यांच्या पगारातून दरमहा कर्जाची रक्कम कापली जात होती. कार्यालयातील एका सहकाऱ्याने घरदुरुस्तीसाठी एका पतसंस्थेकडून ३ लाख रुपयांचे कर्ज घेतले आणि दोन जामीनदारांपैकी एक म्हणून वडिलांनी सही केली. "भाऊसाहेब, नुसती सही हवी, बाकी तुम्हांला काही तोशीस पडणार नाही," असे ते गृहस्थ आमच्या घरी बसून म्हणाले होते. भीड ही भिकेची बहीण, हे वडील आम्हांला नेहमी सांगत. पण वीस वर्षे ज्याच्याबरोबर डबा खाल्ला त्याला तोंडावर नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

सुरुवातीला हप्ते नियमित गेले. पुढे त्या गृहस्थांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, गाव सोडले आणि हप्ते थांबले. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ आमच्या घरी ना पत्र आले, ना फोन. आले ते थेट वसुलीचे कागद. मुद्दल १ लाख ४० हजारांच्या आसपास उरले होते, आणि व्याज, दंडव्याज व वसुलीखर्च धरून मागणी अडीच लाखांच्या घरात गेली होती. दुसरे जामीनदार दरम्यान वारले होते.

मूळ कर्जदाराचे घर, त्याची शिल्लक, त्याला निवृत्तीनंतर मिळालेले पैसे हे सारे सोडून संस्था आधी आमच्याच दारात कशी येते, हा माझा पहिला प्रश्न होता, आणि असा प्रसंग ओढवलेला प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ती त्याच्या मागून सुरू होणारी दुय्यम जबाबदारी नसते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने 'आधी कर्जदाराकडून वसुलीचे सर्व मार्ग संपवा, मग जामीनदाराकडे जा' अशी अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती अट रद्द केली, कारण कर्जदाराकडून वसुली होईपर्यंत थांबायचे असेल तर जामीन घेण्याचा हेतूच उरत नाही.

हा निर्णय मला आज पटतो. पतसंस्थेतील पैसा संचालकांचा नसतो. तो कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी तर कुणाच्या म्हातारपणासाठी ठेवलेला असतो. जामीनदारांनी हात वर केले तर त्या ठेवी बुडतात, आणि ठेवीदारांच्या रांगा आपण महाराष्ट्रात पुरेशा पाहिल्या आहेत. वडिलांचेही म्हणणे हेच होते की सही माझी आहे, तेव्हा देणे माझे आहे.

माझी तक्रार त्या चार वर्षांच्या शांततेबद्दल आहे.

करार अधिनियमाचे कलम १३७ सांगते की धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, कर्जदारावर दावा लावण्यास नुसता उशीर केला, एवढ्यावरून जामीनदार मुक्त होत नाही. म्हणजे संस्था गप्प बसली तरी जबाबदारी कायम राहते, आणि त्या काळात चढणारे व्याजही जामीनदाराच्या अंगावर येते. उलट, जामीनदाराच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो कलम १३३ नुसार मोकळा होतो. धनकोने तारण हातचे घालवले, तर त्या तारणाच्या किमतीपुरता कलम १४१ नुसार सुटतो. पण जामीनपत्राचा छापील नमुना एकदा शांतपणे वाचून पाहा. 'संस्थेने कर्जदारास मुदतवाढ दिली, सवलत दिली अथवा अटी बदलल्या तरी माझी हरकत राहणार नाही' अशा अर्थाचे वाक्य त्यात बहुधा आधीच छापलेले असते, आणि कायद्याने दिलेले संरक्षण माणूस न वाचताच सोडून देतो.

सहकारी संस्थांच्या बाबतीत वेग आणखी जास्त असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडून, वसुली दाखला मिळतो आणि त्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, करायचा तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी संस्थेकडे भरावी लागते. पगारदार माणसाने एवढी रक्कम एकाएकी आणायची कुठून? म्हणून दाखला होण्यापूर्वी निबंधकासमोरच्या सुनावणीला हजर राहून लेखी म्हणणे मांडणे, कर्जाचा खातेउतारा मागणे आणि दंडव्याजाचा हिशेब तपासणे हीच खरी वेळ असते. वडील त्या तारखेला संकोचाने गेले नाहीत, याची खंत मला अजून आहे.

एक भीती मात्र अनाठायी आहे. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. फसवणूक किंवा न वटलेला धनादेश ही वेगळी बाब. केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० सालीच सांगितले आहे. वसुलीला आलेल्या माणसाने 'आत टाकू' अशी धमकी दिली, तर ती लेखी द्या म्हणावे.

पैसे भरल्यावरही जामीनदाराचे हक्क संपत नाहीत. करार अधिनियमाच्या कलम १४० नुसार तो धनकोच्या जागी येतो, म्हणजे कर्जदाराविरुद्धचे धनकोचे हक्क त्याला मिळतात, कलम १४५ नुसार भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागू शकतो आणि कलम १४६ नुसार सहजामीनदाराकडून समान वाटा मागू शकतो. वारलेल्या सहजामीनदाराच्या वारसांवरही त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरती ही जबाबदारी येते. कर्जदारावरील दाव्याची मुदत रक्कम भरल्यापासून ३ वर्षांची असते. वडिलांनी ती मुदत जाऊ दिली. त्यांनी दावा लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही.

मी स्वतः सभासद असलेल्या पतसंस्थेच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी लेखी ठराव दिला आहे. कोणताही हप्ता थकल्यापासून ३० दिवसांच्या आत दोन्ही जामीनदारांना नोंदणीकृत पत्राने व भ्रमणध्वनी संदेशाने कळवावे, आणि न कळवलेल्या काळाचे दंडव्याज जामीनदाराकडून घेऊ नये, एवढीच त्यात मागणी आहे. व्यवस्थापक टपालखर्चाचे कारण सांगत आहेत. एका नोंदणीकृत पत्राचा खर्च आणि आमच्या घरातून गेलेली दंडव्याजाची रक्कम हे दोन्ही आकडे मी सभेत शेजारी शेजारी मांडणार आहे. ठरावाचा मसुदा ज्यांना आपल्या संस्थेसाठी हवा असेल त्यांनी कळवावे, मी पाठवीन.